पुरण्याआधी एकदा पिशवी उघडा

प्रति,
मुंबई, ठाणे, रायगड आणि पुणे येथील बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) मशिदींची, म्हणजे सिनेगॉगांची, विश्वस्त मंडळे

विषय : जुनी पुस्तके, वह्या व कागद गेनिझात (देवाचे नाव असलेले जुने कागद जिथे जमा करून पुरतात तिथे) पुरण्यापूर्वी त्यांची नोंद आणि छायाचित्रे घेण्याबाबत

सप्रेम शालोम,

पेसाह (वल्हांडण) जवळ आला की घरे झाडून निघतात. माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून पाने सुटलेला सिद्दूर (प्रार्थनापुस्तक), वाळवीने कोरलेला हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायचे पुस्तक), कीर्तनाच्या दोन-चार चोपड्या, कुणाच्या तरी केतुबाची (लग्नाच्या कराराची) नक्कल असे काहीबाही निघते. ते एका पिशवीत बांधून मशिदीत पोहोचवले जाते. इस्राएलला कायमची निघालेली कुटुंबेही अशीच पिशवी ठेवून जातात. मागच्या खोलीतले कपाट भरले की एक दिवस ठरवून कबरस्तानात खड्डा घेतात आणि सगळे मानाने पुरतात. यात कोणाचे काही चुकत नाही. ज्या कागदावर देवाचे नाव आहे तो फेकायचा नाही, जाळायचा नाही, मातीला द्यायचा, हा आपला दंडक आहे. विनंती एवढीच, की खड्डा घेण्याआधी पिशवी उघडावी, आतले मोजावे, त्याचे फोटो घ्यावेत आणि जे पुरायचे नाही ते बाजूला काढावे.

पुरण्याला धर्माने मुदत घातलेली नाही. कागद आज पुरला काय आणि दोन वर्षांनी पुरला काय, तोवर तो नीट झाकून ठेवला तर दोष नाही. पुरण्याआधी त्याचे छायाचित्र घेण्यालाही मनाई नाही. आणि मशिदीच्या हिशेबाची वही, वर्गणीची यादी, सभेचे इतिवृत्त, शाळेचा हजेरीपट यांना तर गेनिझा लागतच नाही. एका गाठोड्यात बांधले गेले म्हणून तेही सिद्दुराबरोबर मातीत जातात.

कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये लोकांनी हा भेद कधी केला नाही. जे हिब्रू अक्षरांत लिहिलेले ते सगळे एका खोलीत टाकत गेले, पुरायचे मात्र राहून गेले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी तिथून केंब्रिजला नेलेल्या तुकड्यांची संख्या दोन लाखांच्या घरात आहे. बाराव्या शतकात मंगळूरला राहून मिरी आणि लोखंडाचा व्यापार करणारा, पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवणारा अब्राहम बेन यीजू हा ज्यू व्यापारी आपल्याला माहीत आहे तो त्याच्या प्रार्थनांमुळे नव्हे. त्याच्या मालाच्या याद्या आणि पत्रे त्या खोलीत टिकली म्हणून. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्यूंबद्दलचा एवढा जुना आणि एवढा बारीक पुरावा दुसरा नाही. आपल्याकडे मात्र खोली कोरडी नाही आणि माती ओली आहे. कोकणात पुरलेला कागद दोन पावसाळ्यांत मातीच होतो.

आता पिशवीत काय असू शकते ते सांगतो, कारण बरेचदा उघडणाऱ्यालाच ते ठाऊक नसते. हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेला पहिला हग्गादा १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाला. १८७४ चा पुण्याचा हग्गादा सचित्र आहे. मात्सा (बेखमीर भाकरी) करणाऱ्या बायका त्यात साडी नेसून चुलीशी बसलेल्या दिसतात. त्यानंतर शंभर वर्षे प्रार्थना, उपासांच्या दिवसांचे पाठ, पंचांग, मासिके, कीर्तने, लग्नात म्हणायची गाणी असे किती तरी मराठीत छापले गेले. प्रती थोड्या निघायच्या, कागद स्वस्तातला असायचा. मुखपृष्ठ गेलेल्या, दोरा सुटलेल्या पंधरा पानांच्या चोपडीची दुसरी प्रत जगात कुठेही नसण्याची शक्यता खरोखरच असते. जाड, कातडी बांधणीचा हिब्रू सिद्दूर जपला जातो. तो लिव्होर्नोत किंवा व्हिएन्नात छापलेला असेल तर त्याच्या प्रती मोठ्या ग्रंथालयांत आहेत. जपायची ती ही फाटकी मराठी चोपडी.

सणांची आपली जुनी नावेही याच चोपड्यांत आणि समासांत सापडतात. नव्याचा सण, दरफळणीचा सण, शिळा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. रोश हशाना (नववर्ष), किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपास), तिशा बआव (मंदिराच्या विध्वंसाचा उपास) ही नावे आता सगळ्यांच्या तोंडी आहेत आणि त्यात वाईट काही नाही. पण किप्पुरच्या दिवशी घराची दारे लावून आत बसणारे लोक त्याला दरफळणी म्हणत होते, हे त्या नावावाचून कळायचे नाही.

वह्यांचे महत्त्व वेगळे आहे. जमातीच्या वहीत लग्ने, मृत्यू, मुकादम आणि चौगुले यांची नावे, कोणी किती तेल दिले, कोणाकडून दंड घेतला हे सगळे लागते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या रब्बीनेटने (धर्मगुरूंच्या मंडळाने) बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशाची चौकशी लावली होती. लोकांनी आंदोलन केले आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला (तिथल्या संसदेला) जाहीर करावे लागले, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्या भांडणात घरच्या आणि मशिदीच्या कागदांची किंमत कळली. आजही अलिया करणाऱ्याला (इस्राएलला कायमचे राहायला जाणाऱ्याला) किंवा तिकडे लग्न नोंदवणाऱ्याला आजी-आजोबांच्या केतुबाची गरज पडते. रेवदंड्याच्या किंवा पेणच्या वहीतली एक ओळ अश्दोदमधल्या एखाद्या मुलीचे काम करून जाते.

ती ओळ सापडायची तर नावांची अडचण आधी समजून घ्यायला हवी. मुंबईतली शार हारहमीम ही आपली सर्वांत जुनी मशीद, १७९६ ची. ती बांधणारे एका कागदात सॅम्युएल एझिकिएल दिवेकर आहेत आणि दुसऱ्यात सामाजी हसाजी दिवेकर. माणूस एकच. मराठी वहीत घरचे नाव, हिब्रू केतुबात शेमुएल बेन येहेझकेल, पलटणीच्या कागदात इंग्रजी नाव आणि कधी आडनावच नाही. म्हणून यादी करताना नाव सुधारू नका. वहीत जसे आहे तसे अक्षरशः उतरवा आणि आजचे रूप शेजारच्या रकान्यात लिहा. ‘हसाजी’चा ‘एझिकिएल’ करून टाकला तर पुढचा शोधणारा मूळ वहीत ‘एझिकिएल’ शोधत बसेल आणि त्याला काही मिळणार नाही.

काही जुने कागद मोडी लिपीत आहेत, विशेषतः जमिनीचे, देणग्यांचे आणि तंट्यांचे. ते ‘वाचता येत नाही’ या सबबीखाली रद्दीत जातात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी शिकवते आणि परीक्षाही घेते, त्यामुळे वाचणारी माणसे मिळतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे जोडत जातात, त्यामुळे कागदाची वरची कड तुटली तर पहिली ओळच जाते. अशा कागदाला हात लावण्याआधी फोटो घ्या.

कामाची पद्धत अवघड नाही, पण क्रम चुकला की घोळ होतो. आधी नोंदवही, मग फोटो, मग आवराआवर. लोक उलटे करतात. हौसेने आधी धूळ झाडतात, सारखी दिसणारी पुस्तके एकत्र लावतात, आणि कोणती पिशवी कोणत्या घरातून आली ही माहिती कायमची जाते. पिशवी उघडताच तिला क्रमांक द्या, आतल्या प्रत्येक वस्तूला पोटक्रमांक द्या. क्रमांक पुस्तकावर लिहायचाच असेल तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. सुटी पाने ज्या जागी सापडली तिथेच राहू द्या. पानात ठेवलेले लग्नाचे कार्ड, पावती, वाळलेले फूल यांचाही त्याच जागी फोटो घ्या.

फोटोसाठी मोठे यंत्र लागत नाही. चांगला मोबाइल, तो पुस्तकावर सपाट आणि स्थिर धरणारा स्टँड, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत येणारे दोन सारखे पांढरे दिवे, खाली काळे किंवा राखाडी कापड. फ्लॅश नको, तो शाईवर चमकतो. हातात मोबाइल धरून काढलेल्या फोटोंत तीच ती चूक दिसते : पानाची आतली, शिवणीकडची बाजू पुसट येते आणि ओळीची शेवटची दोन अक्षरे वाचता येत नाहीत. हिब्रू उजवीकडून सुरू होते, त्यामुळे डाव्या पानावर तिथे ओळीचे पहिलेच शब्द असतात. पान हलकेच काचेखाली दाबा, पण कणा कडकडत असेल तर पुस्तक १८० अंश उघडू नका. दोन्ही बाजूंना आधार देऊन ९० अंशांतच ठेवा आणि एका वेळी एकच पान घ्या. पहिल्या फोटोत सेंटीमीटरची पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी हवी. कोरी पानेही वगळू नका, नाहीतर पुढे कोणाला कळणार नाही की पान कोरे होते की गाळले. आणि हिब्रू-मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ कोणत्या बाजूला आहे ते नोंदवा. काही चोपड्या डावीकडून उघडतात, काही उजवीकडून, आणि फायलींचा क्रम इथेच उलटतो. फाइलचे नाव गाव-पिशवी-वस्तू-पान असे ठेवा, ‘अलिबाग-०३-०७-०१२’. मोबाइलने दिलेले नाव तसेच ठेवलेत तर महिन्याभरात ढीग होईल. मोबाइलवरून मोबाइलवर पाठवलेले फोटो आकाराने लहान होतात, म्हणून तारेने थेट संगणकात उतरवा. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावात. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) आणि सणाला हे काम होणार नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्या मदतनिसांना आधीच सांगा.

पुस्तक उन्हात वाळवू नका. दमट पुस्तक सावलीत, पंख्याच्या वाऱ्याशी, पाने किंचित उघडी ठेवून उभे करा. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क बांधून मोकळ्या जागेत, पूर्ण वाळल्यावरच मऊ ब्रशने झाडा. ओली बुरशी घासली की ती कागदात शिरते. सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना अक्षर घेऊन जातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आठ-दहा वर्षांपूर्वी प्रेमाने लॅमिनेट केलेली केतुबा आज प्लास्टिकच्या आत तपकिरी झालेली दिसते आणि ती आता काढता येत नाही. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि विटांवर चढवा. जून ते सप्टेंबर भिंत पाझरते, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीला आतून घाम येतो. डांबरगोळ्यांनी वाळवी जात नाही, वाचणाऱ्याचे डोळे मात्र चुरचुरतात. शक्य असेल तर हे सगळे काम जानेवारी ते मे या काळात उरका.

कीर्तनाबद्दल थोडे अधिक लिहायचे आहे, कारण इथे कागद वाचला तरी गोष्ट वाचत नाही. १८८० च्या सुमारास आपल्या मंडळींनी मराठी कीर्तनाची परंपरा उचलली आणि अब्राहम, योसेफ, मोशे, दावीद यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी, आर्या यांत बांधली. चोपडीत पद छापलेले असते आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ म्हणून त्या काळच्या कुठल्या तरी गाजलेल्या पदाचे पहिले तीन शब्द. सूर कुठेच लिहिलेला नाही. ते मूळ पद विस्मरणात गेले की आपले पद मुके होते. साकी-दिंडीची चाल कोणताही कीर्तनकार म्हणून दाखवील, पण नाटकातल्या पदावर बांधलेले गाणे ज्यांनी ऐकले त्यांनाच येते. अशा आज्या आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, काही इकडे, काही इस्राएलमधल्या लोद-दिमोनाकडे. त्यांच्यासमोर चोपडी ठेवून, पदाचा क्रमांक मोठ्याने सांगून, एकेक पद रेकॉर्ड करा. शब्द अडले तर गुणगुणू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. त्यांनी छापलेल्यापेक्षा वेगळा शब्द म्हटला तर तोही पाठ म्हणून लिहून ठेवा.

घरोघरी पडलेल्या कॅसेटींचेही तसेच. सापडली की लगेच जुन्या टेपमध्ये घालू नका. आत पट्टीमागे स्पंजचा एक छोटा तुकडा असतो, तो वर्षांनी सुकून गळतो आणि आवाज दबका येतो. कॅसेट खराब आहे असे समजून लोक ती टाकतात. स्क्रूची कॅसेट उघडून तो तुकडा बदलता येतो. मशीनचे हेड स्पिरिटने पुसा, आणि महत्त्वाची कॅसेट लावण्याआधी बिनकामाच्या दुसऱ्या कॅसेटवर मशीन तपासा. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करा. एमपी३ ऐकायला ठीक, जपायला नाही. पेटीवरचे हस्ताक्षर हीच पुष्कळदा एकमेव माहिती असते, त्याचा फोटो विसरू नका.

कबरस्तानांकडे वळतो. गावोगावच्या कबरस्तानांत कोण झोपले आहे याची लेखी यादी क्वचितच आहे, आणि दगडावरचे अक्षर दर पावसाळ्याला थोडे जाते. दगड घासू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच यांनी एका दिवसात स्वच्छ झालेला संगमरवर पुढच्या पाच वर्षांत पिठासारखा भुरभुरतो. अक्षर उठून दिसावे म्हणून खडू किंवा पीठही चोळू नका. साधे पाणी आणि मऊ नायलॉन ब्रश पुरे, आणि जांभा दगड असेल तर तेही नको. अक्षर वाचायला प्रकाश बाजूने यावा लागतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळचे ऊन घ्या, नाहीतर एकाने आरसा धरून सूर्यकिरण दगडाच्या अंगाला चाटून जाईल असा पाडावा. डोळ्यांना कोरा वाटणारा दगडसुद्धा असा बोलू लागतो.

हिब्रू वर्ष वाचताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. प्रत्येक हिब्रू अक्षराला आकड्याची किंमत असते. वर्ष अशा अक्षरांत कोरलेले असते आणि हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. तव, रेश, मेम, वव म्हणजे ४०० + २०० + ४० + ६, म्हणून ६४६, म्हणजे ५६४६. त्यातून ३७६० वजा केले की १८८६. तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना) ते डिसेंबरअखेर या महिन्यांचा मृत्यू असेल तर ३७६१ वजा करायचे, म्हणजे १८८५. झिजलेल्या दगडावर रेश आणि दालेत सारखेच दिसतात, पण अक्षरे मोठ्या किमतीकडून लहान किमतीकडे जातात, त्यामुळे मेमच्या आधी दालेत येऊच शकत नाही आणि चूक पकडता येते. शेवटचे अक्षर हे (५) की हेत (८), वव (६) की झायिन (७), हे मात्र क्रमावरून कळत नाही. तिथे शेजारी कोरलेली मराठी तारीख किंवा शक बघा. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर ७९. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून संध्याकाळच्या मृत्यूच्या दोन तारखा एका दिवसाने वेगळ्या असतील. ती कोरणाऱ्याची चूक समजू नका. पंधरावी तिथी तेत-वव आणि सोळावी तेत-झायिन अशीच असते, कारण दुसऱ्या रीतीने लिहिली तर देवाच्या नावाची अक्षरे होतात. आणि दगडाच्या तळाशी येणारी तव, नून, त्सादी, बेत, हे ही पाच अक्षरे वर्ष नव्हेत. ‘याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो’ या प्रार्थनेची ती आद्याक्षरे आहेत. त्यांची बेरीज ५४७ होते, आणि ज्याला हे माहीत नाही तो थडगे १७८७ सालचे ठरवून मोकळा होतो.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. जुन्या वह्यांत दत्तक, सोडचिठ्ठी, बहिष्कार यांच्या नोंदी असतात. काही वह्यांत कुटुंबापुढे ‘काळे’ की ‘गोरे’ इस्राएल हेही लिहिलेले आढळेल. ते खोडू नका, पान फाडू नका. आपल्या आजोबांनी माणसामाणसांत केलेला तो भेद पुराव्यासकट राहिला पाहिजे. पण अशी पाने सर्वांसाठी खुली करू नका. जन्माच्या नोंदी शंभर वर्षे आणि लग्नाच्या पंच्याहत्तर वर्षे बंद ठेवाव्यात, कुटुंबाने मागितली तर त्यांची तेवढी ओळ द्यावी, असा ठराव करून ठेवा. ठराव नसला की पहिल्याच वादात सगळे कपाट कुलूपबंद होते.

मशीद विकायची किंवा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची वेळ आली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तो अर्ज इमारतीचा असतो, जागेचा असतो. कपाटाचा उल्लेख त्यात कोणी करत नाही. मिन्यान (सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) जमेनासे झाले आहे अशा गावच्या विश्वस्तांनी वस्तूंची यादी आजच करून तिची एक प्रत शेजारच्या चालू मशिदीकडे द्यावी. मूळ कागद परदेशी पाठवण्याची घाई नको. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ते जरूर नीट राहतील, पण मराठी वहीचे पहिले वाचक इथे आहेत, मोडी वाचणारे इथे आहेत. प्रत तिकडे, मूळ इकडे, ही वाटणी आम्हाला रास्त वाटते. २०१६ साली राज्याने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या आधारे संवर्धनासाठी साहाय्य मागताना हातात आकडे असलेली यादी हवी. ‘आमच्याकडे खूप जुनी पुस्तके आहेत’ एवढ्यावर कोणी काही देत नाही.

इस्राएलमधल्या मंडळींनाही हे पत्र दाखवा. लोदहून १९८०च्या दशकापासून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढणाऱ्यांच्या समाजात मराठी वाचणारे अजून आहेत. फोटो पाठवले तर नावे ओळखण्याचे काम ते तिथून करतील, कारण वहीतली माणसे त्यांचीच आहेत.

येत्या बैठकीत दोनच गोष्टी ठरवा. यादी होईपर्यंत गेनिझाचा खड्डा घ्यायचा नाही. आणि मागच्या खोलीच्या कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे, ते ठरावाच्या वहीत नावानिशी लिहून ठेवायचे.

आपले,
जुने मराठी आणि हिब्रू कागद वाचणारे काही जण